प्युजोचा ब्लॉक गेला, डीआय इंजिन बसवायचा विचार आहे: जुन्या महिंद्रा पिकअपबद्दल सल्ला हवा

पूर्णाकाठ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. घरी नव्वदच्या दशकातला महिंद्राचा पिकअप आहे, एक्सडीपी ४.९० म्हणजे प्युजो डिझेल इंजिनवाला. बाबा आठवडी बाजार करतात. किराणा आणि धान्य भरून अंजनगाव, परतवाडा, आणि तिथून वर सेमाडोह, हरिसाल, धारणीपर्यंत हीच गाडी जाते. घरचा धंदा तिच्यावर उभा आहे.

उन्हाळ्यात घाट चढताना पाण्याचा होज फाटला आणि इंजिन तापलं. हेड उतरवलं तर ते वाकलेलं निघालं, तेवढं बदलता आलं असतं. पण ऑइल आधीपासूनच दुधाळ येत होतं, म्हणून मिस्त्रींनी लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या नळ्या, त्याही काढल्या. खाली जिथे लायनरचे ओ-रिंग बसतात ती बैठक पूर्ण खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे. नवीन लायनर टाकले तरी पाणी खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरणारच, असं त्यांचं म्हणणं.

आता तीन वाटा दिसतात. कबाड्याकडून दुसरं प्युजो आणायचं, महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवायचं, किंवा टाटा २०७ चं २९५६ सीसीचं इंजिन, जे एक जण स्वस्तात देतो म्हणतोय. चेसिस, पाटे, डिफरन्शियल, बॉडी सगळं चांगलं आहे. गाडी मोडीत काढायची नाही, हे घरात ठरलंय.

कोणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा. घाट, पावणेदोन-दोन टनांचा माल आणि मे महिना, हे तिन्ही धरून सांगा.

बारातेराचा पाना:

भाऊ, डीआय बसव. दुसरा विचारच करू नको.

काहून म्हनतो थे आयक. आपल्या इकडं गावोगावी महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर चालले. माह्या वडिलायची सारी हयात त्याच्यावर गेली. बी-२७५ चं इंजिन अन् जीपचं जुनं डिझेल इंजिन एमडी २३५० एकाच घरातलं. त्याचा स्ट्रोक, म्हंजे पिस्टनची चाल, १०१.६ मिमी, अन् डीआयचा स्ट्रोकबी १०१.६. बोअर, म्हंजे सिलिंडरची रुंदी, तेवढी वाढोली, ८८.९ केली, अन् डिझेल थेट पिस्टनवर टाकाची सोय केली. म्हून ज्या मिस्त्र्यानं ट्रॅक्टर खोलला त्याले डीआय खोलाले भेव लागत नाई. रात्री हरिसालले गाडी बंद पडली तं थो प्युजोवाला मिस्त्री कुठून आनशीन? ट्रॅक्टरवाला भेटनच.

अन् हेड लोखंडी राह्यते. तुह्या प्युजोचं अॅल्युमिनियमचं. तापलं का वाकते. हीटर प्लगची झंझटबी नाई, डिसेंबरच्या सकायी दोन सेल्फमधी उठते.

यंत्रविहारी (नागपूर):

वरच्या प्रतिसादाशी सहमत, थोडी आकड्यांची भर घालतो.

एक्सडीपी ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिमी बोअर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. बोअरपेक्षा स्ट्रोक लहान, म्हणून ते इंजिन मोकळं फिरतं आणि ताकद वरच्या आरपीएमला देतं. डीआयमध्ये स्ट्रोक बोअरपेक्षा लांब. ते कमी फिरतं आणि खालीच ओढतं. माल भरून दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायला हाच स्वभाव हवा. सपाट रस्त्यावर, म्हणजे दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात, पूर्वीपेक्षा वेग कमी मिळेल, कारण डिफरन्शियल तेच राहणार. ते आधीच मान्य करून टाका, नंतर डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे आरपीएमला मर्यादा घालणारा भाग, कोणाला छेडू देऊ नका.

टाटाचं इंजिन चांगलंच आहे, पण या गाडीत नको. २९५६ सीसीचा जोर त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्स आणि अॅक्सलसाठी आहे. तुमचा गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस तो जोर रोज किती सोसतील? शिवाय पुढच्या पाट्यांवर वजन वाढतं, सगळे माउंटिंग नव्याने बनवावे लागतात, आणि कंपनी वेगळी असल्याने कागदावर काम अवघड होतं. स्वस्त इंजिन बसवेपर्यंत महाग पडतं.

मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही लिहिलेल्या खड्ड्यांची. लायनरची बैठक अशी कशाने खाल्ली? रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालता?

पूर्णाकाठ:

बोअरवेलचं. घरच्या बोअरवेलचंच घालतो, सगळे तेच घालतात.

यंत्रविहारी (नागपूर):

मग इंजिन कुठलंही बसवा, पाणी बदलल्याशिवाय ते टिकणार नाही.

तुमचा भाग खारपाण पट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या ज्या गावांचं भूजल खारट आहे, तिथे ते पिण्याला चालत नाही, पिकाला चालत नाही, मग लोखंडाला कसं चालेल? क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात आणि ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा अरुंद करतात. क्लोराइड लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही कुरतडतात. प्युजोला ओले लायनर आहेत, म्हणजे पाणी थेट लायनरच्या अंगाला लागतं आणि खाली फक्त रबरी रिंग त्याला अडवते. ती रिंग ज्या लोखंडावर बसते तेच खाल्लं गेलं, तर ऑइल दुधाळ होणारच. होज फाटणं हे शेवटचं निमित्त.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कूलंट, निम्मं-निम्मं. छतावरचं पावसाचं पाणी स्वच्छ साठवलेलं असेल तर तेही बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. गाडीत एक कॅन कायम ठेवा, म्हणजे वाटेत कुठल्याही हापशाचं पाणी ओतायची वेळ येणार नाही.

कोळसापट्टा (चंद्रपूर):

रेडिएटरचं मी सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो आणि गाड्या खाणीच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात.

जुना रेडिएटर रॉडिंग करून भागवू नका. रॉडिंग करणारा नळीतला मऊ गाळ काढतो, चिकटलेला क्षार तसाच राहतो. वरखालच्या टाक्या चांगल्या असतील तर नवीन कोर (मधली नळ्यांची जाळी) टाकून घ्या, तांब्या-पितळेचा, नळ्यांची एक रांग पूर्वीपेक्षा जास्त. आणि पंख्याभोवतीचा काऊल! जुन्या गाड्यांचा काऊल कुठेतरी काढून ठेवलेला असतो आणि परत कोणी लावत नाही. घाटात गाडीचा वेग नसतो, समोरून वारा येत नाही, जी हवा येते ती पंखा ओढतो तेवढीच. काऊल नसेल तर पंखा आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. डीआय बसवताना पंख्याची जागा पुढेमागे होणार, तेव्हा काऊल नवीन मापाने पत्र्याचा बनवून घ्या. पाती अर्धी काऊलच्या आत, अर्धी बाहेर राहिली पाहिजेत.

रेडिएटरचं झाकणही नवीन घ्या. दाब धरणारं झाकण असेल तर पाणी १०० अंशांच्या बरंच वर जाईपर्यंत उकळत नाही. रबर वाळलेलं झाकण दाब सोडतं आणि पाणी आधीच उकळून बाहेर येतं. वस्तू छोटी, पण रस्त्यावर अडकवते तीच.

बारातेराचा पाना:

कोळसापट्टा भाऊनं बराबर सांगतलं. माह्याकडून एक जोडतो. थर्मोस्टॅट काढून टाकाचा. आपल्या गरमीत त्याचं काईच काम नाई. आमी सारेच काढतो.

यंत्रविहारी (नागपूर):

पानाभाऊ, तुमच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे, तरी इथे माझा ठाम विरोध आहे.

थर्मोस्टॅट पाण्याला दोन वाटा देतो. इंजिन थंड असताना पाणी बायपासमधून आतल्या आत फिरतं, तापल्यावर तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात येतं. म्हणजे भर उन्हात, भर घाटात, गरज असते तेव्हाच थंडावा कमी. आणि हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, लायनर झिजतात, डिझेल जास्त जातं.

बसवण्याआधी तपासून घ्या. पातेल्यात पाणी तापवा, त्यात तो दोऱ्याने लटकता सोडा, सोबत थर्मामीटर. साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवीन आणा.

बारातेराचा पाना:

बायपासचं थे ध्यानात नव्हतं घेतलं. ज्या इंजिनाले बायपास हाय तिथं तुमचं म्हननं खरं. पन अडकलेला थर्मोस्टॅट ठेवन्यापरीस काढलेला बरा, इतकं तं माना.

यंत्रविहारी (नागपूर):

पूर्ण मान्य.

वर्धेकर:

सगळे इंजिनावर बोलताहेत, मी कागदांवर येतो. इंजिन विकत घ्यायच्या आधी हे वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात (आरसीत) जे तपशील आहेत ते बदलणारा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम फार स्पष्टपणे वाचलं आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इंजिन बदलणंच गुन्हा आहे, असं नाही. आधी आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्यायची, मग काम करायचं, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत आरसी घेऊन कळवायचं, म्हणजे नवा इंजिन नंबर नोंदला जातो. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची सवलत कायद्यात आहे, पण ती अधिसूचनेने आणि दहा किंवा जास्त परिवहन वाहनं असलेल्यांसाठी. एका पिकअपच्या मालकाने ती आपल्याला लागू समजू नये.

तुमच्या आरसीवर मॉडेलच्या नावात डीपी असेल, म्हणजे प्युजो. डीआय बसवल्यावर सीसीही बदलणार, २११२ ची २५२३. म्हणून अमरावतीला आधी स्वतः जा, तिथल्या मोटार वाहन निरीक्षकांना आरसी दाखवा आणि हे इंजिन या मॉडेलला मंजूर होईल का ते लेखी घ्या. तुमच्याच कंपनीने त्याच प्रकारच्या गाडीत हे इंजिन दिलेलं होतं, हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. नाही म्हणाले तर प्युजोच शोधायचं. माल वाहणारी जुनी गाडी दरवर्षी फिटनेसला उभी राहते. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी घरी उभी राहील.

इंजिन कुठून येतं तेही बघा. ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत, मोडीत काढल्याचा कागद आणि विकणाऱ्याचं बिल, बिलावर इंजिन नंबर. नंबर घासलेला दिसला तर फुकट दिलं तरी हात लावू नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातात दावा करताना पहिली तपासणी नंबरांचीच होते.

शेतवाडी (वणी):

पूर्णाकाठ दादा, आमच्या दुधाच्या गाडीत असंच काम करून घेतलं, म्हणून ब्रेकचं आवर्जून सांगते. इंजिनाच्या गडबडीत हे कोणी बोलत नाही.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो. ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप देतो, आणि तो बहुतेक अल्टरनेटरच्या मागेच असतो. आमच्याकडे इंजिन आलं तेव्हा त्यावर अल्टरनेटर नव्हता. मिस्त्री साधा अल्टरनेटर लावत होते, लाइट लागले, बॅटरी चार्ज झाली, सगळं ठीक दिसत होतं. ब्रेकचं पेडल मात्र दगडासारखं. पंपवाला अल्टरनेटर आणल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाऊ देणार नाही म्हटलं, आणि तो आल्यावरच नेली. त्या पंपाला इंजिनातून ऑइलची नळी जाते आणि परत येते, त्या दोन्ही नळ्या साफ आणि नव्या असू द्या. तुम्ही सेमाडोहहून माल विकून खाली उतरता, तिथे पाय दाबल्यावर ब्रेक लागलाच पाहिजे.

बारातेराचा पाना:

ताई, लाख मोलाचं सांगतलं.

भाऊ, आता बसवाचं कसं थे सांगतो. कबाड्याकडून इंजिन एकलं आनू नको. त्याचं बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, सेल्फ, अल्टरनेटर, इंजिनाचे फाउंडेशन रबर अन् त्याचे ब्रॅकेट, सारं संगं घे. गिअरबॉक्स संगं भेटला तं अजून चांगलं. नाई भेटला तं तुह्या गिअरबॉक्सचा शाफ्ट अन् थ्या क्लच प्लेटच्या चाव्या (खाचा-दाते) जुळते का हे कबाड्याच्या दुकानातच पाह्य. फ्लायव्हीलमधी जे छोटं बेअरिंग राह्यते तेच्यात शाफ्टचं नाक बराबर बसलं पाह्यजे. ढिलं बसलं तं क्लच सुटनार नाई, गिअर खरखर करन.

इंजिन घेतानी कॉम्प्रेशन पाहूनच घे. चालू करून दाखवत असन तं ऑइलचं झाकन काढून पाह्य, तिथून धुराचा भपका येत असन तं सोडून दे.

बसवतानी इंजिन मांघं थोडंसं झुकलेलं राह्यते, गिअरबॉक्सकडं. थो कोन अन् डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन सारखा ठेव. नाई ठेवला तं जॉइंटचे क्रॉस महिन्यात खाते अन् गाडी थरथरते. प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त झाला तं लेथवर कापून बॅलन्स करूनच आन, घरी वेल्डिंग नाई माराचं. चेंबर पुढच्या अॅक्सलले लागते का हे गाडी जॅकवर नाई, चाकावर उभी करून, पाटे पूर्न दाबून पाह्याचं.

यंत्रविहारी (नागपूर):

अत्यंत उपयोगी. चेसिसवर ब्रॅकेट वेल्ड करताना बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवा. आणि ब्रॅकेट शक्यतो चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने धरा. वरच्या-खालच्या पट्टीत भोकं पाडली की माल भरल्यावर भेग तिथूनच सुरू होते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्टॉप केबल जोडलेली आणि चालणारी हवी. डिझेल इंजिन चावी बंद केल्याने थांबत नाही, पंपाचं डिझेल अडवल्याने थांबतं. पंप नुकताच दुरुस्त झाला असेल आणि त्यातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकला तर इंजिन आपोआप चढत जातं. त्यासाठी एक माणूस हवेच्या तोंडाशी जाड लाकडी फळी घेऊन उभा ठेवा. हात किंवा कापड अजिबात नको, आत ओढलं जातं.

लाल माती (गडचिरोली):

धागा वाचतोय, फार माहिती मिळाली. थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे जुनी पेट्रोल जीप आहे, २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन. त्यात हेच डीआय बसेल का? लोक म्हणतात गाडी फार हळू होते.

यंत्रविहारी (नागपूर):

हळू होईल हे खरं. पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमपर्यंत जातं असं धरा, आणि बसवलेल्या डिझेलचा गव्हर्नर ३२०० ला अडवतो. गिअर, डिफरन्शियल, टायर तेच असतील तर वरचा वेग पाचव्या हिश्शाने कमी. जुन्या जीपमध्ये ५.३८ चं डिफरन्शियल असतं, ते पेट्रोलसाठी ठीक आणि डिझेलसाठी फारच आखूड. डिझेल जीपचं डिफरन्शियल बसवावं लागेल, आणि फोर बाय फोर असेल तर पुढचं-मागचं दोन्ही, सारख्या गुणोत्तराचं. आणि तुमच्या बाबतीत कागदावर इंधनच बदलतंय, म्हणजे वर्धेकरांनी सांगितलेली परवानगी आणखी कठीण. मूळ पेट्रोल इंजिन चांगलं असेल तर मी म्हणेन ते सांभाळा.

पूर्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आता काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

आधी आरटीओत गेलो. निरीक्षकांनी आरसी पाहिली, त्याच कंपनीचं आणि त्याच प्रकारच्या गाडीत येणारं इंजिन असल्याने अर्ज घेतला आणि मंजुरीचा कागद हातात मिळाला. मगच अकोल्याहून डीआय आणलं, मोडीत काढलेल्या गाडीचे कागद आणि बिल घेऊन, गिअरबॉक्ससकट. इंजिनाला जेवढे लागले जवळपास तेवढेच बाकीच्या कामाला लागले: कोर, काऊल, होज, क्लच, शाफ्ट, सायलेन्सरचा नवा पाइप. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी बजेट असंच दुप्पट धरावं.

थर्मोस्टॅट पातेल्यात टाकून पाहिला, अडकलेला निघाला, नवीन बसवला. बाबांनी दुकानातच डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणून ठेवलेत आणि बोअरचं पाणी गाडीपासून लांब ठेवायचं असं सगळ्यांना बजावलंय. आरसीवर नवा नंबर चढला. धूर तपासणीत काळेपणाचा आकडा ६५ च्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहे.

माल भरून परतवाड्याहून वर जाऊन आलो. पूर्वी जिथे पहिला गिअर लागायचा तिथे दुसऱ्यात चढते. सपाटीवर वेग कमी झालाय, पण बाबांना तोच बरा वाटतो.

एकच अडचण आहे. घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीच्या जवळ जातो. पण पाणी उकळत नाही, ओव्हरफ्लोमधून येत नाही, होजला दाबून पाहिलं तर तेवढं गरमही वाटत नाही. काय असेल?

कोळसापट्टा (चंद्रपूर):

सेन्सर नव्या इंजिनाचा आणि डॅशबोर्डवरचा मीटर जुन्या प्युजोचा, असंच आहे ना? दोघांची जोडी असते. जोडी तुटली की काटा चुकीचं सांगतो. कधी जास्त दाखवतो, कधी कमी, आणि कमी दाखवणारा जास्त घातक.

पूर्णाकाठ:

हो, मीटर जुनाच आहे.

कोळसापट्टा (चंद्रपूर):

मग एक तर डीआयचा मीटर आणा, नाही तर तांब्याच्या बारीक नळीचा मेकॅनिकल गेज बसवा. त्याला वायर लागत नाही, अर्थिंग लागत नाही, थेट अंश दाखवतो. नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि तीव्र वाकवू नका. बसवण्याआधी त्याचाही बल्ब उकळत्या पाण्यात घालून पाहा, ९९-१०० दाखवला की गेज खरा. आणि तो बसेपर्यंत माल अर्धाच भरून वर जा.

बारातेराचा पाना:

अन् पयल्या सर्व्हिसले हेडचे बोल्ट टॉर्कनं पुन्हा पाहून घेजो भाऊ, टॅपेटबी. थंड इंजिनावर का गरम, थे त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहून मंगच हात लावजो.